पिलाला वळण लावावे

आपल्याकडे एक म्हण आहे. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच. शेपटापुरती ही म्हण खरी आहे. पण लोक ती कुत्र्याच्या स्वभावालाही लावतात. तिथे ती खोटी ठरते. शेपूट वाकडे राहते, पण स्वभावाला वळण लागते. ते पिलाच्या लहानपणी लावावे लागते.

दुसरी एक म्हण आहे. भुंकणारे कुत्रे चावत नाही. या म्हणीवर तर मुळीच विसंबू नये. भुंकणारे कुत्रेही चावते आणि न भुंकणारेही चावते. ज्याला वळण लावले आहे आणि ज्याला लस टोचली आहे, त्या कुत्र्याचे भय कमी.

कुत्रा आणि शेतकरी यांची सोबत फार जुनी आहे. खळ्यावर, गोठ्यापाशी, मेंढ्यांच्या वाघरीपाशी तो रात्र जागून काढतो. खंडोबाच्या जवळ कुत्रा असतो. नामदेवांची गोष्ट तर आपण कीर्तनात ऐकतोच. कुत्र्याने पोळी पळवली, तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. मुक्या जिवावर माया करावी, हे आपल्याला नव्याने शिकायला नको. पण नुसती माया पुरत नाही. मायेबरोबर शिस्तही लागते. ती कशी लावायची, ते या धड्यात पाहू. त्यासाठी एका घरची गोष्ट ऐकू.

१. पिलू घरी आले

कृष्णाकाठचे एक गाव. दिवाळी झाली की माण-खटावकडचे धनगर मेंढ्या घेऊन या बाजूला उतरतात. शेतकरी त्यांना बोलावून शेतात मेंढ्या बसवतात. लेंड्यांचे चांगले खत मिळते.

त्या वर्षी आबांच्या शेतात मेंढ्या बसल्या होत्या. धनगराच्या वाड्यावर एक कुत्री व्याली होती. तिला पाच पिले. त्यातले एक तपकिरी पिलू आबांच्या नातवाच्या मनात भरले. पोराने हट्टच धरला.

आबा म्हणाले, “धनगरबाबा, एक पिलू द्या आमाला. वस्तीवर राखनीला हुईल.”

धनगर म्हणाला, “देतो की. पर आत्ता नगं. म्हैन्याचं बी झालं न्हाय ते. दोन म्हैनं आईपाशी ऱ्हाऊ द्या. मग न्या.”

“येवडा वेळ कशापायी?”

“आबा, पिलं एकमेकाला चावत्यात, खेळत्यात. एकानं जोरात चावलं की दुसरं केकाटतं आन् खेळ मोडतं. चावऱ्या पिलाला आई बी दाबती. दात किती लावायचा, ते तिथंच शिकत्यात. लौकर तोडलेलं पिलू मानसाला चावरं निघतं.”

धनगर शाळेत गेला नव्हता. पण त्याचे बोलणे शास्त्राला धरून होते. पिलू दहा ते चौदा दिवसांचे झाले की डोळे उघडते. तीन आठवड्यांपासून ते भोवतालचे जग ओळखू लागते. तीन महिने होईतो जे जे ते पाहते, ते ते त्याला आपले वाटते. माणसे, मुले, गुरे, कोंबड्या, बैलगाडी, मोटारसायकल, ट्रॅक्टरचा आवाज, सगळे त्याला या वयात ओळखीचे करावे. या वयात जे पाहिले नाही, त्याला ते पुढे भिते. आणि भ्यालेला कुत्रा चावतो.

वाडा दोन महिने आसपासच्या शिवारात फिरत होता. पौष महिन्यात आबांनी पिलू घरी आणले. नाव ठेवले मोत्या.

पहिल्या रात्री मोत्या फार रडला. सूनबाईंनी ओसरीच्या कोपऱ्यात गोणपाट अंथरले. त्यावर पिलाच्या आईच्या जागेवरचे एक जुने फडके टाकले. आईचा वास आला, तसे पिलू निजले.

खाण्याचे असे ठरवले. चार महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून चार वेळा थोडे थोडे. मग तीन वेळा. सहा महिन्यांनंतर दोन वेळा. दुधात किंवा वरणाच्या पाण्यात कुस्करलेली भाकरी, भात, कधी उकडलेले अंडे. पाण्याचे भांडे दिवसभर भरलेले.

काही वस्तू कुत्र्याला देऊ नयेत. कांदा, द्राक्षे आणि मनुका त्याला बाधतात. शिजलेल्या कोंबडीचे हाड फुटून त्याचा टोकदार तुकडा होतो. तो घशात किंवा आतड्यात रुततो.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. बकरे कापले की त्याचे कच्चे काळीज, फुप्फुस कुत्र्यापुढे टाकण्याची आपली रीत आहे. ही रीत मोडली पाहिजे. मेंढी-बकऱ्याच्या या अवयवांत कधी कधी पाण्याने भरलेल्या गाठी असतात. त्या कुत्र्याने खाल्ल्या की त्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी होतात. कृमींची अंडी त्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात. ती आपल्या हातांवाटे, भाजीवाटे पोटात गेली, तर माणसाच्या काळजात आणि फुप्फुसात तशाच गाठी होतात. मग शस्त्रक्रियेची पाळी येते. म्हणून असे अवयव खोल पुरावेत. पिलाला जंताचे औषध गुरांच्या डॉक्टरांकडून वेळेवर द्यावे. कुत्र्याला हात लावल्यावर जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत.

२. एका शब्दाचा एकच अर्थ

मोत्या घरात रुळला. पण शिकवण्याच्या नावाने सगळा गोंधळ. आबा त्याला “यू यू” म्हणून बोलवायचे. सूनबाई म्हणायच्या, “ये रे मोत्या.” आजी त्याला पाहताच “हाड” म्हणायची आणि लगेच भाकरीचा तुकडाही टाकायची. नातू तर दिवसभर “छू, छू” करायचा. पिलू भांबावून जायचे. “हाड” म्हटले की भाकरी मिळते, असे ते शिकले. त्यात त्याचा काय दोष?

कुत्र्याला आपली भाषा कळत नाही. त्याला आवाज कळतो, आणि त्या आवाजामागून काय घडते ते कळते. रशियात पावलोव्ह नावाचे एक शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्यांना खाणे देण्याआधी ते दर वेळी एक ठरावीक आवाज करीत. काही दिवसांनी नुसता आवाज ऐकूनच कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटू लागले. दोन गोष्टी एकामागून एक घडल्या की कुत्रा त्यांची गाठ मनात बांधतो. सगळे शिकवणे या एका गाठीवर चालते.

म्हणून घरातल्या सर्वांनी मिळून शब्द ठरवावेत. शब्द लहान असावेत. चार शब्द पुष्कळ झाले :

ये – माझ्याकडे ये.
बस – खाली बस.
थांब – आहेस तिथेच राहा.
सोड – तोंडातले टाक, किंवा त्या वस्तूचा नाद सोड.

हे शब्द घराच्या भिंतीवर खडूने लिहावेत. लिहिता-वाचता येऊ लागले आहे, त्याचा असाही उपयोग होतो. मग आजीनेही तोच शब्द वापरायचा आणि नातवानेही तोच.

३. ‘छू’ने केलेला घात

पण आबांच्या घरी हे सगळे उशिरा सुचले. नातवाला ‘छू’चा खेळ आवडे. कोंबड्या दिसल्या की तो म्हणे, “छू!” मोत्या धावे. कोंबड्या फडफडत पळत. पोरगा टाळ्या पिटी. घरचेही हसत. पिलू लहान होते, तोवर ते गमतीचे होते.

वैशाख आला. मोत्या सहा महिन्यांचा झाला. पाय लांब झाले, दुधाचे दात पडून पक्के दात आले. एके दिवशी शेजारच्या तात्यांची शेळी करडाला घेऊन बांधावर चरत होती. मोत्या त्या करडामागे लागला. करडू भिऊन ओढ्यात पडले. त्याचा पुढचा पाय मोडला.

तात्या काठी घेऊन अंगणात आले.

“आबा, कुत्रं आवरा तुमचं! शेळीवर माझ्या पोरांची वह्या-पुस्तकं चालत्यात. आज पाय मोडला, उद्या नरडं धरील. म्या सांगून ठेवतो, पुन्यांदा दिसलं तर भाकरीत औषद घालीन.”

आबांची मान खाली गेली. चूक मोत्याची नव्हती, हे त्यांना कळत होते. पण तात्यांचेही खोटे नव्हते. ते म्हणाले, “तात्या, करडाच्या पायाचा खर्च म्या देतो. एक म्हैना द्या मला. म्हैन्यात त्याला वळान लागलं न्हाय, तर म्या सोता त्याला हितनं हलवतो.”

तात्या म्हणाले, “एक म्हैना. वर एक दीस न्हाय.”

त्याच आठवड्यात धनगराचा वाडा माघारी निघाला होता. पावसाआधी त्यांना आपल्या मुलखात पोचायचे असते. आबांनी त्याला गाठले. सगळे सांगितले. धनगर हसला नाही. तो म्हणाला, “पोरानं शिकवलं, ते कुत्र्यानं क्येलं. मारू नगा त्याला. मारून भ्या बसतं, शानपन येत न्हाय. दोरी घ्या आन् पैल्यापासनं सुरू करा.”

४. दोरीवर चालणे

पहिला धडा दोरीचा. गळ्यात मऊ, रुंद पट्टा बांधावा. पट्ट्यात दोन बोटे जातील एवढी जागा ठेवावी. सुतळीने गळा काचतो. पिलू वाढते तसा पट्टा सैल करीत जावा.

सुरुवातीला नुसता पट्टा घालून दोन दिवस घरात फिरू द्यावे. मग दोरी लावावी. दोरी चार हात लांब असावी. आता मुख्य गोष्ट. पिलू पुढे ओढ काढते आणि आपणही त्याच्या मागे खेचले जातो. यातून पिलू काय शिकते? ओढले की पुढे जायला मिळते. म्हणून उलटे करावे. दोरी ताठ झाली की आपण जागच्या जागी उभे राहावे. बोलू नये, हिसका देऊ नये. पिलू मागे वळून पाहील. दोरी ढिली होईल. त्याच क्षणी “शाब्बास” म्हणावे, भाकरीचा बारीक तुकडा द्यावा आणि पुढे चालावे. ताठ दोरीला मुक्काम, ढिल्या दोरीला वाट. एवढेच त्याला कळू द्यावे.

पहिल्या दिवशी आबांना ओसरीपासून विहिरीपर्यंत जायला पाऊण तास लागला. लोक हसले. एक जण म्हणाला, “आबा, कुत्रं तुमाला फिरवतंया का तुमी कुत्र्याला?” आबा काही बोलले नाहीत. आठव्या दिवशी तीच वाट चार मिनिटांत झाली.

हे करताना चार पथ्ये पाळावीत.

एक. शिकवणी थोडा वेळच करावी. एका वेळी पाच मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. पिलू कंटाळण्याआधी आपण थांबावे.

दोन. बक्षीस ताबडतोब द्यावे. एकदोन सेकंदांच्या आत. उशीर झाला तर बक्षीस कशाचे, ते त्याला कळत नाही.

तीन. शिक्षाही उशिरा करू नये. सकाळी कोंबडी पळवली आणि संध्याकाळी मार दिला, तर कुत्रा एवढेच शिकतो की धनी संध्याकाळी मारतो.

चार. पोटभर खाल्ल्यावर शिकवू नये. थोडी भूक असली की तुकड्याला किंमत येते.

वाढीच्या वयात पिलाला फार पळवूही नये. काही जण पिलू बैलगाडीमागे बांधतात, नाहीतर मोटारसायकलमागे मैल मैल पळवतात. त्याची हाडे अजून कोवळी असतात. ती त्याने बिघडतात. त्याला हवे तेव्हा थांबता आले पाहिजे.

५. ‘ये’ आणि ‘थांब’

‘ये’ हा शब्द सगळ्यांत मोलाचा. त्याने कुत्र्याचा जीव वाचतो. तो अंगणात शिकवावा. दहा-पंधरा हात लांब दोरी बांधावी. पिलू दुसरीकडे पाहत असता आनंदाने “मोत्या, ये” म्हणावे आणि आपण दोन पावले मागे सरावे. पिलू धावत येते. आले की तुकडा द्यावा, पाठ थोपटावी, आणि पुन्हा मोकळे सोडावे.

एक नियम कधीही मोडू नये. बोलावून घेऊन मारू नये. बोलावून घेऊन लगेच साखळीलाही बांधू नये. एकदा जरी ‘ये’मागून मार आला, तरी पुढच्या वेळी तो येताना दहा वेळा विचार करील. त्याने काही बिघडवले असेल, तर आपण त्याच्याकडे चालत जावे.

‘थांब’ असे शिकवावे. पिलाला बसवावे. हाताचा पंजा त्याच्यापुढे धरून “थांब” म्हणावे. मनात तीन अंक मोजावेत. हलले नाही, तर तुकडा द्यावा. मग पाच अंक, मग दहा. मग एक पाऊल मागे जाऊन, मग पाच पावले. घाई करू नये. हलले तर रागावू नये. पुन्हा कमी अंकांपासून सुरू करावे.

आबांची सून म्हणाली, “मामंजी, ह्ये तर आमच्या वर्गासारखंच हाय की. आदी ‘ग’, मग ‘गमभन’, मग धडा.”

आबा म्हणाले, “आन् बाई छडी मारत न्हाईत, म्हनूनच तू रोज जातीस न्हवं?”

६. शेळ्या-मेंढ्यांपाशी

आता अवघड धडा. धनगराने आबांना सांगितले होते, “आमची पिलं कोकरांत वाढत्यात. त्यास्नी कोकरू म्हंजी भावंडच. तुमचं पिलू आता मोठं झालं. त्याला लांबनं शिकवा.”

लांबून म्हणजे कसे? आबा मोत्याला दोरीवर घेऊन शेळ्यांपासून चाळीस पावलांवर उभे राहिले. मोत्याने कान टवकारले. अंग ताठ केले. आबांनी हळू आवाजात हाक मारली. मोत्याने शेळ्यांवरची नजर काढून आबांकडे पाहिले. लगेच “शाब्बास” आणि तुकडा. असे दहा वेळा झाले. दुसऱ्या दिवशी पस्तीस पावलांवर. मग तीस. एखाद्या दिवशी मोत्या उसळ्या मारू लागला, तर आबा दहा पावले मागे सरत. जवळ जाण्याची घाई झाली की सगळे फसते.

दुसरीकडे नातवाचा ‘छू’ घरातून हद्दपार झाला. कोंबड्यांपाशी मोत्याला दोरीशिवाय नेणे बंद. रानात नेताना लांब दोरी कायम. कारण एकदा पाठलागाची मजा मिळाली की दहा दिवसांची मेहनत वाया जाते.

महिना संपला. तात्या आले. आबांनी मोत्याला दोरीवर त्यांच्या शेळ्यांमधून नेले. ते करडू अजून लंगडत होते. ते मोत्याच्या नाकापुढून गेले. मोत्याने त्याच्याकडे पाहिले, मग आबांकडे पाहिले आणि खाली बसला. तात्या एवढेच म्हणाले, “दोरी मातर सोडू नगा अजून.” तात्यांचे म्हणणे बरोबर होते. आबांनी दिवाळीपर्यंत दोरी सोडली नाही.

७. रानात नेताना

उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि सूर्य कलल्यावरच न्यावे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून, धापा टाकून तो अंग निववतो. वाटेवर आपल्या हाताची पाठ टेकवून पाहावी. पाच अंक मोजेपर्यंत चटका सोसत नसेल, तर त्याच्या पायांनाही सोसणार नाही. कुत्रा फार धापा टाकू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर सावलीत न्यावे, अंगावर साधे पाणी ओतावे, वारा घालावा, थोडे पाणी पाजावे, आणि डॉक्टरांना दाखवावे.

फवारणी झालेल्या पिकात नेऊ नये. उंदरांसाठी औषध ठेवलेल्या बांधावर तर नेऊच नये. ‘सोड’ हा शब्द इथे कामाला येतो.

घरी आल्यावर कान, बगला, पायांची बोटे चाचपावीत. कुसळे आणि गोचिडे काढावेत. गोचिडांमुळे कुत्र्याला ताप येतो, रक्त कमी होते.

ससा, मोर, हरीण यांच्या मागे कुत्रा सोडू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. कुत्र्याकरवी केलेली शिकार ही शिकारच.

उसाच्या पट्ट्यात आता बिबट्या राहू लागला आहे. जुन्नर, अकोले, कराड या भागांतल्या लोकांना हे ठाऊक आहे. बिबट्या कुत्रा उचलतो. अंगणात साखळीने बांधलेल्या कुत्र्याला तर पळताही येत नाही. अशा भागात रात्री कुत्रा दाराआड किंवा बंद गोठ्यात ठेवावा. हिमालयातले मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात, तो यासाठीच.

आणि दिवसभर साखळीला बांधून ठेवू नये. बांधलेले कुत्रे चिडखोर होते. त्याला रोज फिरवले पाहिजे.

८. लस आणि शहाणपण

मोत्या तीन महिन्यांचा झाला, तेव्हाच सूनबाईंनी त्याला गुरांच्या दवाखान्यात नेऊन पिसाळण्याची लस टोचून घेतली होती. डॉक्टरांनी कार्ड दिले. पुढची तारीख त्यावर लिहिली. सूनबाईंनी ती स्वतः वाचली आणि घरच्या दिनदर्शिकेवर खूण केली. पुढची लस घेतली. पुढे दर वर्षी घ्यायची आहे.

श्रावणात एक अनोळखी कुत्रे वस्तीवर आले. त्याचा खालचा जबडा लोंबत होता. तोंडातून लाळ गळत होती. तात्यांच्या धाकट्या मुलाला वाटले, याच्या घशात हाड अडकले आहे. तो हाड काढायला जवळ गेला. कुत्र्याने त्याच्या पोटरीला चावा घेतला. रक्त आले.

मोत्या भुंकत त्या कुत्र्यावर झेपावला. दोरी आबांच्या हातातून निसटली. आबा ओरडले, “मोत्या, ये!” मोत्या अर्ध्या वाटेवर होता. तो थांबला, वळला आणि आबांच्या पायाशी आला. भांडण झाले असते, तर तीच लाळ मोत्याच्या अंगाला लागली असती आणि त्याच्यामार्फत घरात आली असती.

म्हातारी माणसे म्हणाली, “चटनी भरा जखमंत.” कोणी म्हणाले, “चुना लावा.” कोणी म्हणाले, “मांत्रिकाकडं न्या.” सूनबाई पुढे झाल्या. दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेले त्यांनी वाचले होते. त्यांनी पोराला नळाखाली बसवले. साबण आणि वाहते पाणी यांनी पंधरा मिनिटे जखम धुतली. वर काही बांधले नाही. मग तात्या पोराला घेऊन थेट सरकारी दवाखान्यात गेले.

वाचकहो, हे नीट ध्यानात घ्या. कुत्रे पिसाळले की नेहमी ते धावून चावतेच असे नाही. काही कुत्री सुस्त होतात, अंधारात बसतात. त्यांचा जबडा लोंबतो, त्यांना गिळता येत नाही. घशात हाड अडकल्यासारखे दिसते. अशा कुत्र्याच्या तोंडात कधीही हात घालू नये.

माणसात हा रोग बहुधा एक ते तीन महिन्यांनी दिसतो. कधी लवकर, कधी वर्षानेही. एकदा लक्षणे दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण चावल्याबरोबर जखम धुतली आणि लस घेतली, तर रोग टळतो. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या एका मुलाला ही लस पहिल्याने दिली. तो मुलगा वाचला.

पूर्वी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. त्या भीतीने लोक पळून जात. ती जुनी लस आपल्या देशात २००४ नंतर बंद झाली. आता लस दंडात देतात. कातडीत द्यायची असेल, तर पहिल्या दिवशी आणि मग तीन, सात व अठ्ठावीस दिवसांनी. स्नायूत द्यायची असेल, तर चौदा दिवसांनीही आणखी एक. रक्त आले असेल, तर जखमेभोवती आणखी एक औषध टोचतात. डॉक्टर कार्डावर तारखा लिहून देतात. एकही तारीख चुकवू नये. एक-दोन इंजेक्शने घेऊन बरे वाटले म्हणून थांबू नये.

तात्यांना अजून वाचता येत नव्हते. ते कार्ड घेऊन सूनबाईंकडे आले. म्हणाले, “सूनबाई, कवा जायाचं ते सांगत जावा.” सूनबाईंनी त्या तारखांना तात्यांच्या दिनदर्शिकेवर गोल केले. ते अनोळखी कुत्रे तिसऱ्या दिवशी पाटाकडेला मेलेले सापडले. गुरांच्या डॉक्टरांना कळवले. त्यांनी सांगितल्याप्रमाणे त्याला उघड्या हाताने न शिवता खोल पुरले. मोत्यालाही त्यांनी तपासले.

पोराने सगळी इंजेक्शने घेतली. आज तो शाळेत जातो. भाद्रपदात तात्याही रात्रीच्या वर्गाला येऊन बसले. त्यांनी पाटीवर पहिल्याने लिहिलेले अक्षर ‘म’ होते. ते त्यांच्या नावातले नाही. मोत्याच्या नावातले आहे.

लक्षात ठेवा

पिलू दोन महिन्यांचे झाल्यावरच आईपासून न्यावे.
घरातल्या सर्वांनी तेच शब्द वापरावेत.
दोरी ताठ झाली की थांबावे, ढिली झाली की चालावे.
बोलावून घेऊन कधीही मारू नये.
‘छू’चा खेळ खेळू नये.
कच्चे काळीज, फुप्फुस कुत्र्यापुढे टाकू नये.
तीन महिन्यांचे झाले की लस टोचावी. पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा आणि दर वर्षी टोचावी.
खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिले पाजणाऱ्या कुत्र्याला मुलांनी छेडू नये.
कुत्रे चावले तर साबण, वाहते पाणी, पंधरा मिनिटे. मग लगेच दवाखाना.

प्रश्न

१. धनगराने पिलू लगेच का दिले नाही?
२. करडाचा पाय मोडला, त्यात कोणाची चूक होती? वर्गात बोला.
३. पिलू दोरी ओढू लागले, तर काय करावे?
४. लोंबता जबडा असलेल्या कुत्र्याजवळ का जाऊ नये?
५. चावलेल्या जखमेत चटणी भरावी का? मग काय करावे?

वहीत लिहा

तुमच्या कुत्र्याचे नाव, त्याचे वय, लस टोचल्याची तारीख आणि पुढची तारीख. कुत्रा नसेल, तर शेजाऱ्याच्या कुत्र्याची माहिती विचारून लिहा. जवळच्या सरकारी दवाखान्याचे आणि गुरांच्या दवाखान्याचे नाव पानाच्या वरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहा. ते पान घरातल्या सर्वांना दाखवा.